तीन जुन्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली आणि त्यांची खरी किंमत: नागपुरातील एका दुकानातून

शहरातील एका जुन्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात मी तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा त्याच तीन बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली, म्हणजे बोल्ट नावाचा दांडा हाताने मागेपुढे सरकवून काडतूस भरायच्या, काउंटरवर काढायला लावल्या. पहिली इंग्लंडच्या बीएसए कंपनीची 315 बोरची (बोर म्हणजे नळीचे आतले माप), दुसरी त्याच बोरची पण बंगालमधल्या इछापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली, आणि तिसरी चेकोस्लोव्हाकियाची ब्रनो झेडकेके 600, थर्टी-ओ-सिक्स बोरची. तिन्ही वापरलेल्या होत्या. किमती सांगितल्या त्या अशा: बीएसए 1,60,000 रुपये, इछापूर 75,000 रुपये आणि ब्रनो 5,25,000 रुपये. हे परीक्षण दुकानाचे थोडे आणि या तीन नगांचे जास्त आहे, कारण दुकानदाराने लावलेली किंमत आणि हत्याराची लायकी यांचा एकमेकांशी किती कमी संबंध असू शकतो, हे मला या तीन फेऱ्यांत नीट कळले.

आधी माझी गरज सांगतो, कारण गरज माहीत नसेल तर किमतीच्या चर्चेला अर्थ उरत नाही. काटोलच्या बाजूला आमची संत्र्याची बाग आहे आणि रानडुकरांचा त्रास तिथे नवा नाही. शिकारीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरावर गोळी झाडायची तर वनखात्याची लेखी परवानगी हाती असावी लागते. त्यामुळे ‘शिकारीची रायफल’ हे आता केवळ हत्याराच्या घडणीचे नाव उरले आहे. माझ्याकडे वडिलांच्या वारशाची दुनळी बाराबोर आहे. शस्त्र कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतात, म्हणजे माझ्या परवान्यावर एकच जागा शिल्लक होती. ती चुकीच्या नगाने भरली असती तर पुढची कित्येक वर्षे तेच हत्यार कपाटात पाहत बसावे लागले असते.

परदेशी नावाला आपल्याकडे एवढा भाव का, याचे कारण सरळ आहे. सामान्य परवानाधारकासाठी परदेशी बंदुकांची आयात ऐंशीच्या दशकापासून जवळजवळ बंद आहे. जे इंग्रजांच्या काळात किंवा त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत आले, तेच हातोहात फिरते आहे. माल वाढत नाही आणि हौशी माणूस कमी होत नाही. त्यामुळे इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा अमेरिकेचा ठसा असलेल्या रायफलीला इथे जी किंमत येते ती तिच्या मायदेशातल्या किमतीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. हा भाव टंचाईचा आहे. त्याला गुणाचा भाव समजणे ही खरेदीदाराची पहिली चूक असते आणि मीही पहिल्या दिवशी ती करण्याच्या बेतात होतो.

बीएसएपासून सुरुवात करतो, कारण दुकानदाराने तीच आधी पुढे केली. “नाव पाहून घ्या ना साहेब, इंग्लंडचा माल आहे, आता कुठं मिळते अशी?” असे म्हणून त्यांनी ती फडक्यातून काढली आणि खरोखर पाहताक्षणी मोह पडावा अशी ती होती. 315 हा बोर हिंदुस्थानात रुजला त्यामागे एक सरकारी निर्बंध आहे. लष्कराचा 303 बोर ब्रिटिश सरकारने सामान्य लोकांना वर्ज्य केला होता, आणि आजही तो साध्या परवान्यावर मिळत नाही. म्हणून इंग्रज कारखानदारांनी ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्याच धाटणीच्या रायफलीला 8 मिलिमीटरचे, म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी 315 भागांचे, वेगळे काडतूस लावून ती इथल्या बाजारात आणली. पुढे इछापूरने हीच परंपरा चालू ठेवली. म्हणजे काउंटरवरच्या पहिल्या दोन रायफली एकाच घराण्यातल्या होत्या आणि म्हणूनच त्यांची तुलना न्याय्य ठरते.

लांबून बीएसए काळीभोर दिसत होती. हा काळेपणाच मला पहिल्यांदा खटकला. रिसीव्हरवरची (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्यावरची) अक्षरे आणि तीन रायफली उभ्या टेकवल्याचे कंपनीचे चिन्ह मी भिंगाखाली पाहिले, तर त्यांच्या कडा साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारख्या बोथट झालेल्या होत्या. मूळ ठसा धारदार असतो. गंज घासून काढताना पॉलिशच्या चाकावर लोखंडाची वरची पातळी उतरते, कडा गोल होतात आणि मग वरून नवे ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा निळसर-काळा थर, चढवले जाते. स्क्रूच्या खाचाही फाटलेल्या होत्या, म्हणजे हत्यार चुकीच्या पेचकसाने अनेकदा उघडले गेले होते. मूळ ब्लूइंग विटके असले, हात लागून जागोजागी पांढरे पडलेले असले, तरी जाणकार त्याला जास्त पैसे देतो, कारण ते खोटे बोलत नाही. नवा रंग चढवलेल्या जुन्या हत्याराची किंमत वाढलेली नसते, ती घटलेली असते. ही गोष्ट आपल्याकडे उलटी समजली जाते आणि दुकानदारही ती उलटीच सांगतात.

पण रंग हा शेवटी हौशी संग्राहकाचा प्रश्न आहे. माझ्यासारख्याला नळी महत्त्वाची. बोल्ट काढून नळीत टॉर्चचा उजेड टाकला तेव्हा ती आतून चकाकत होती आणि दुकानदाराचा चेहराही. इथे बहुतेकांची फसगत होते. गोळीवरचे तांबे नळीत वर्षानुवर्षे लिंपले जाते आणि त्या थराखाली लोखंडातले खड्डे झाकले जातात, म्हणून नळी स्वच्छ करून घेतल्याशिवाय पाहूच नये. मी परवानगी घेऊन तांबे विरघळवणाऱ्या द्रावणात बुडवलेली कापडाची चिंधी दांडीने आत फिरवली आणि दहा मिनिटे थांबलो. चिंधी बाहेर आली ती मोरपिशी निळी. दुसरी, तिसरी, चौथीही तशीच. सातव्या चिंधीनंतर रंग फिका झाला, तेव्हा मी मोबाईलला जोडायचा बोअरस्कोप आत सोडला. एसी आणि इंजिन दुरुस्त करणारे वापरतात तोच हा छोटा कॅमेरा, इतवारीत सहज मिळतो आणि या कामाला उत्तम चालतो. पडद्यावर चेंबरपासून (काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागापासून) वीतभर पुढपर्यंत खड्ड्यांची रांग दिसली, आणि रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या पीळदार खाचांच्या, उंच कडा तिथे समुद्रकाठच्या कातळासारख्या खाल्लेल्या होत्या.

हे असे का होते ते समजून घेतले की पुढच्या वेळी नजर आपोआप तिकडे जाते. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बारूद पेटवणाऱ्या बुडाच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून जे क्षार उरतात ते जवळजवळ मिठासारखेच, आणि हवेतले पाणी ओढून घेणारे. ते तेलात विरघळत नाहीत, त्यांना पाणी लागते, म्हणून जुने शिकारी गोळी झाडल्यावर त्याच संध्याकाळी नळीत उकळते पाणी ओतत, ती कोरडी करत आणि मगच तेल लावत. ज्याने नुसते तेल लावून रायफल ठेवली त्याच्या नळीला पावसाळ्यात आतून गंज धरला. त्यात जुन्या इंग्रजी काडतुसांतली कॉर्डाइट नावाची बारूद अतिशय उष्ण जळते आणि चेंबरच्या तोंडाशी नळी झिजवते. समोरच्या नगात दोन्ही खुणा होत्या.

मुझलकडची, म्हणजे नळीच्या तोंडाकडची, परीक्षा मी दुकानातल्याच एका निकामी केलेल्या, बारूद व टोपी नसलेल्या नमुना काडतुसाने घेतली. गोळीचे टोक नळीच्या तोंडात हलकेच सोडायचे आणि ती किती आत उतरते ते पाहायचे. तोंड झिजलेले असेल तर गोळी पितळी कवचाच्या काठापर्यंत बुडते. बीएसएत ती जवळपास काठाला टेकली. त्याच काडतुसाने इछापूरची तपासली तर गोळीचा चांगला बोटाच्या पेराएवढा भाग बाहेर राहिला. हे मोजमाप ढोबळ आहे आणि यावरून कुणी अचूकतेचा दाखला देऊ नये, पण एकाच बोरच्या दोन नळ्या शेजारी ठेवून केले तर ते पुष्कळ काही सांगून जाते. तोंडाची झीज बहुधा गोळ्यांनी होत नाही. मुझलकडून दांडी किंवा दोरी खरडत साफ करणाऱ्यांनी ती केलेली असते.

बोल्टच्या मुठीच्या मुळाशी कोरलेला क्रमांक आणि रिसीव्हरवरचा क्रमांक जुळतो का, हे पाहणे याच घराण्याच्या रायफलीत विशेष गरजेचे आहे. ली-एनफिल्डमध्ये बोल्टला अडवणारे खांदे पुढे चेंबरजवळ नसून मागे असतात आणि कारखान्यात प्रत्येक बोल्ट आपापल्या रिसीव्हरला घासून बसवलेला असतो. दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट उचलून घातला तर तो फिरेल, बंद होईल, खटकाही पडेल, पण काडतुसाच्या मागे किती पोकळी उरली हे डोळ्यांना दिसणार नाही. ही पोकळी प्रमाणाबाहेर असेल तर गोळी सुटताना कवच फाटून तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. ती गेजने, म्हणजे ठरलेल्या मापाच्या तुकड्याने, मोजतात. दुकानात 315 चे गेज नव्हते, आणि विचारल्यावर “आजवर कोणी मागितले नाही” असे उत्तर मिळाले. बीएसएचे दोन्ही क्रमांक वेगळे निघाले. तिथेच तिचा विषय माझ्यापुरता संपला. बर्मिंगहॅमच्या 1813 पासून चालत आलेल्या प्रूफ हाउसचे, म्हणजे हत्यारांची कसोटी घेणाऱ्या संस्थेचे, शिक्के तिच्या नळीवर स्पष्ट होते हे खरे, पण ती कसोटी त्या काळच्या नळीची आणि त्या काळच्या बोल्टची होती.

इछापूरच्या रायफलीचे रूप मात्र असे की पाहुण्यांना दाखवायला कुणी काढू नये. रायफल फॅक्टरी इछापूर 1904 पासून हत्यारे बनवते आहे, पण तिच्या नागरी मालाचे फिनिशिंग हा परवानाधारकांचा जुना तक्रारीचा विषय आहे, आणि या नगाने त्या तक्रारीला पुरावाच दिला. लाकडावर रंधा फिरल्याच्या लाटा दिसत होत्या, मॅगझिनच्या पत्र्याची कड बोटाला लागत होती, आणि चाप इतका जड की नेम धरलेला हात ओढताना हलावा. बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या टप्प्यात जोर द्यावा लागतो. तो मात्र दोष नव्हे: या धाटणीत स्प्रिंग बोल्ट बंद होताना दाबली जाते, उघडताना नाही. जर्मन माउझर धाटणीची सवय असलेला माणूस हिला ‘अडकते’ म्हणून नाकारतो, ते पाहून मला हसू येते.

आत मात्र नळी निर्मळ होती. तिसऱ्या चिंधीलाच निळा रंग गेला, बोअरस्कोपमध्ये कडा तीक्ष्ण दिसल्या आणि चेंबरपुढे नुसती हलकी करडी छटा होती. उमरेडकडच्या एका शेतकऱ्याने ती घेऊन, वर्षाला चार-दोन गोळ्यांपलीकडे न वापरता, वयोमानामुळे दुकानात विक्रीला ठेवली होती. बोल्टचा क्रमांक जुळत होता. नळी उजेडाकडे धरून आतल्या सावलीची रेघ पाहिली तर ती सरळ होती आणि कुठे काळे कडेही दिसले नाही. नळीत अडथळा असताना गोळी झाडली गेली की नळी तिथे फुगते आणि आतून असे कडे दिसते. असा नग फुकट मिळाला तरी घेऊ नये.

दोष होता तो लाकडी दस्त्यात. टँगच्या (रिसीव्हरच्या मागच्या पट्टीच्या) मागे, मनगट जिथे येते तिथे, केसासारखी एक चीर होती. ती गोळीच्या धक्क्याने पडली की लाकूड आटल्याने, हे ठरवण्यात माझा आणि सोबत नेलेल्या कारीगर काकांचा बराच वेळ गेला. नागपुरात हा प्रश्न इतर शहरांपेक्षा जास्त येतो. नवतप्यात, मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, इथली हवा लाकडातला ओलावा शोषून घेते, दस्ता आकसतो आणि स्क्रू सैल पडतात. मग जूनअखेर तेच लाकूड फुगते. त्यात भर कूलरची. उन्हाळाभर घरातला डेझर्ट कूलर ज्या खोलीत ओली हवा फेकतो त्याच खोलीतल्या कपाटात अनेकांची रायफल असते, आणि मग मे महिन्यातच गंज कसा चढला याचे त्यांना नवल वाटते. काकांनी दस्ता नळीपासून वेगळा केला, रिकॉइलचा धक्का जिथे लाकडावर येतो ती बैठक तपासली आणि ती दबलेली नाही असे पाहून म्हणाले, “चीर सुकण्याची आहे. पिन मारून, एपॉक्सी भरून घेऊ. पण भाऊ, भाव करताना ही चीर बोटानं दाखवा बरं.” मी दाखवली. आठ हजार कमी झाले.

ब्रनोबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ती तिघींत निर्विवाद उत्तम होती आणि उत्तम वस्तूबद्दल लिहिण्यासारखे कमी असते. माउझरच्या 1898 च्या घडणीवर बेतलेली ही रायफल. बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन भक्कम खांदे आणि बाजूला लांब पंजा, जो काडतूस मॅगझिनमधून वर येताच त्याची कड पकडतो आणि कवच बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. बोल्ट हाताने सरकवला तेव्हा लोण्यातून सुरी गेल्यासारखा गेला. रिसीव्हरच्या मागच्या पुलावर दाबून उभी करायची इवलीशी छिद्राची माशी (नेम धरायची खूण) होती, जी सुरुवातीच्या नगांतच सापडते, आणि दुर्बिणीसाठी रिसीव्हरवर कारखान्यातच कोरलेल्या खाचा होत्या, म्हणजे कुणी ड्रिल मारून तिची नासाडी करण्याचे कारणच पडले नव्हते. नळी, क्रमांक, दस्ता, ठसे, सगळे जिथल्या तिथे.

तरीही सव्वापाच लाख मला पटले नाहीत. काडतूस हा रायफलीच्या किमतीचा अर्धा भाग आहे असे मी मानतो. 315 चे देशी काडतूस, ज्याच्या बुडावर पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा ‘के एफ’ हा ठसा अनेकांनी पाहिलेला असेल, विक्रेत्यांकडे त्यातल्या त्यात मिळत राहते. थर्टी-ओ-सिक्सचे मिळणे आणि न मिळणे यांत महिने जातात, आणि मिळाले तर भाव पाहून चाप ओढायला जीव होत नाही. यापुढे जाऊन 318 वेस्टली रिचर्ड्स किंवा 404 जेफ्री यांसारखी नावे कुणी पुढे केली तर हत्यार कितीही देखणे असो, आधी त्याला पाच काडतुसे दाखवायला सांगावे. ज्याला संग्रह करायचा आहे त्याने ब्रनो डोळे मिटून घ्यावी. ती पुढेही किंमत धरून ठेवील. बागेच्या बांधावर वापरायला ती महाग आहे.

आता दुकानाविषयी. माणसे अदबीने वागतात, घाई करत नाहीत, चहा विचारतात, आणि चिंध्या फिरवायला, कॅमेरा घालायला त्यांनी हरकत घेतली नाही. हे सर्वत्र घडत नाही, म्हणून नोंदवतो. तक्रारी दोन. बिलावर हत्याराची अवस्था, बोल्टचा क्रमांक आणि दस्त्याची चीर लिहून द्या म्हटल्यावर त्यांनी नकार दिला. शेवटी मी माझ्याच कागदावर लिहून त्यांची सही घेतली. दुसरी तक्रार साठवणीची आहे. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा होणारी अनेकांची हत्यारे इथे ठेवली जातात, आणि मागच्या खोलीत ती फोमच्या कव्हरांत गुंडाळून उभी होती. फोम ओल धरतो. मी एका कव्हराला हात लावला तर तो दमट लागला. स्वतःची बंदूक जमा करणाऱ्याने कव्हर काढून, तेलाचा हात फिरवून आणि नळीचे तोंड खाली करून ठेवायला सांगावे, आणि परत घेताना पावतीवर सही करण्याआधी नळीत पाहावे.

कागदांच्या बाबतीत त्यांचे काम चोख निघाले. खासगी मालकाला आपले हत्यार विकायचे तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवून 45 दिवस थांबावे लागते. ती सूचना उमरेडच्या मालकाने आधीच दिली होती आणि तिची पोच दुकानात होती. परवान्याचा युनिक क्रमांक, मालकाच्या परवान्यावरची हत्याराची नोंद आणि रिसीव्हरवरचा क्रमांक हे तिन्ही मी अंकाअंकाने ताडून पाहिले. एका जागी 3 चा 8 झालेला असता तरी पुढे ती दुरुस्ती करून घेताना माझ्या चपला झिजल्या असत्या. परवान्यावर नोंद व्हायला मला दोन फेऱ्या आणि एक दुपार लागली.

इछापूरची रायफल मी 67,000 रुपयांना घेतली. चीर भरण्याचे आणि चाप हलका करण्याचे मिळून काकांनी साडेचार हजार घेतले. चाप त्यांनी मुद्दाम थोडा जडच ठेवला, कारण फार हलका केलेला चाप बोल्ट आपटला तरी पडतो, आणि रबराच्या चटईवर दस्ता ठोकून त्यांनी तो पडत नाही हे मला दाखवले. नेमबाजीच्या मैदानावर 50 मीटरवरून, वाळूच्या पिशवीवर टेकवून, पाच गोळ्या झाडल्या तेव्हा चार तळहाताखाली झाकल्या जातील इतक्या जवळ लागल्या आणि पाचवी माझ्या खांद्याच्या भीतीने खाली गेली. गोळ्यांचा सगळा जमाव मात्र मध्यापासून चार बोटे डावीकडे आहे, म्हणजे पुढची माशी अगदी जराशी डावीकडे ठोकावी लागेल. काका गावी गेले आहेत, अक्षय तृतीयेनंतर येतील, आणि पितळी हातोडी त्यांच्याकडेच आहे.